पोचपावतीपुरतं बोलणं

"ताई, परस्पर संमतीने घटस्फोट होऊन दीड वर्ष झालं. मुलगी चिऊ (हे घरातलं नाव) पाच वर्षांची आहे, सिनिअर केजीत. ती माझ्याकडे कोथरूडला असते आणि एकाआड एक शनिवार-रविवार वाकडला तिच्या बाबाकडे जाते. बाबा म्हणून तो चांगला आहे, खोटं कशाला बोलू. पण मला दिवसाला तीस-चाळीस मेसेज येतात. सुरुवात 'जेवली का' ने होते आणि शेवट 'तू घर मोडलंस' वर. रात्री साडेअकराला 'झोपलीस का' येतं. रात्री मेसेज करू नकोस असं दहा वेळा सांगून झालं. परवा 'रविवारी कर्वे रोडला कुणाबरोबर होतीस' असं विचारलं. फीचा विषय काढला की म्हणतो, चिऊला पाच पूर्ण झाली, आता ताबा मलाच मिळणार. चिऊ घरी येऊन सांगते, 'बाबा म्हणाला आईला सांग, पैसे झाडाला लागत नाहीत.' मी उत्तर दिलं नाही तर त्याच्या आईचा फोन येतो. माझी आई म्हणते, मुलीसाठी सोस थोडं. मैत्रीण म्हणते, सरळ ब्लॉक कर. मी प्रत्येकाला उत्तरं देत बसते, मग झोप उडते, मग रात्री एकला त्याचं 'लास्ट सीन' बघते. रविवारी चिऊ परत आली की तिच्याकडून तिथलं सगळं काढून घेते, हेही कबूल करते. काय करू? आणि डिसेंबरमध्ये तिचा वाढदिवस आहे, तो दोघांनी मिळून करावा का?"
म., कोथरूड

प्रिय म.,

आईचा सल्ला आणि मैत्रिणीचा सल्ला, दोन्ही मायेपोटी आलेत आणि दोन्ही बाजूला ठेव. सोसत राहिलीस तर सहा महिन्यांत तू चिऊवर ओरडायला लागशील, कारण त्याच्यावर ओरडता येणार नाही. आणि ब्लॉक केलंस तर चिऊला वाकडला मध्यरात्री ताप चढला की त्याने तुला कळवायचं कसं? शिवाय फोनच्या आणि भेटीच्या अटी तुम्ही कोर्टात लिहून दिल्या असतील, तर 'हिने संपर्कच तोडला' हे वाक्य त्याच्या वकिलाला आयतं मिळेल.

तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त खटकलं ते 'दहा वेळा सांगून झालं'. दहा वेळा सांगितलंस, आणि साडेअकराच्या प्रत्येक 'झोपलीस का'ला 'नाही, काय झालं' असं उत्तरही दिलंस. त्याने तुझं बोलणं कानाआड केलं, पण तुझं वागणं बरोबर वाचलं. आपल्याकडे मर्यादा घालणं म्हणजे समोरच्याकडून काहीतरी कबूल करून घेणं असं वाटतं. त्याने 'बरं, नाही करणार' म्हणावं म्हणून तू थांबली आहेस. तो म्हणणार नाही. त्याने रात्री काय टाईप करायचं हे तुझ्या हातात नाही, तू कधी वाचायचं आणि कशाला उत्तर द्यायचं हे आहे. त्यासाठी त्याची परवानगी लागत नाही.

रजिस्टर पत्र टाकलं की पूर्वी पोस्टमन पोचपावती आणून द्यायचा, ती आठवते का? तुझ्या वयाला कदाचित नसेल. त्या कार्डावर पत्र मिळालं, एवढंच असायचं. पत्र आवडलं की राग आला, हे कधी नसायचं. तुला त्याच्याशी पुढची बारा-तेरा वर्षं पोचपावतीच्या भाषेत बोलायचं आहे.

म्हणजे नेमकं कसं, ते तुझ्याच मेसेजवर करून बघू. समजा तो लिहितो, 'डबा खाल्ला का तिने, की तेवढं बघायलाही तुला वेळ नाही?' यात अर्धं वाक्य चिऊचं आहे आणि अर्धं गळाला लावलेलं गांडूळ. तू आजपर्यंत त्या गांडुळालाच उत्तर देत आलीस: मी ऑफिसमधून लवकर निघाले होते, तुला काय माहीत, तू स्वतः कधी डबा भरलास... असे खुलासे बायको देते. तू आता त्याची बायको नाहीस. उत्तर एवढंच: 'भाजी संपवली, अर्धी पोळी उरली.' टोमण्याबद्दल एक अक्षर नाही, रागाची इमोजी नाही, टोमण्याला टोमणाही नाही. 'तू घर मोडलंस' यात चिऊबद्दल काहीच नाही, म्हणून उत्तरही नाही. 'कर्वे रोडला कुणाबरोबर होतीस' यालाही नाही. 'तुला काय करायचंय' असंही लिहायचं नाही, कारण तेही उत्तरच आहे आणि त्याला तेवढंच हवं असतं. तो मेसेज पुसू मात्र नकोस. त्याबद्दल पुढे बोलते.

आता त्याला एकच मेसेज पाठव. शांत दिवशी, दुपारी, भांडण चालू नसताना. मी मसुदा देते, शब्द तुझे घाल:

'चिऊबद्दलचे मेसेज मी यापुढे दुपारी दोनला आणि रात्री साडेआठला बघेन आणि तेव्हाच उत्तर देईन. तिला बरं नसेल, लागलं असेल किंवा न्यायच्या-आणायच्या वेळेत अर्ध्या तासापेक्षा जास्त फरक पडणार असेल तर फोन कर, मी उचलेन. फी आणि खर्चाचं ईमेलवर बोलू. तिचा तुला फोन रोज सातला येईल.'

यात 'कारण मला त्रास होतो' हे वाक्य मुद्दाम नाही. कारण दिलं की कारणावर वाद घालता येतो, आणि वादात तो तुझ्यापेक्षा तरबेज दिसतो. 'प्लीज' सुद्धा नाही. पण फोन उचलण्याचं वचन आहे, ते पाळायचं. ताप आहे म्हणून त्याने फोन केला आणि 'मेसेजची वेळ साडेआठ आहे' असं तू म्हणालीस, तर या सगळ्याचा अर्थच गेला.

मग चॅट म्यूट करून आर्काइव्हमध्ये टाक. फोनमध्ये त्याचं नाव अजून काहीतरी लाडाचं असेल तर ते बदलून 'चिऊचा बाबा' कर. हसशील, पण स्क्रीनवर जे नाव उजळतं त्यावर आपला आवाज ठरतो.

पहिले दोन-तीन आठवडे वाईट जातील, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर मला शिव्या घालशील. मेसेज कमी व्हायच्या आधी वाढतात. इतके दिवस बेल वाजवली की दार उघडायचं. आता उघडत नाही म्हटल्यावर माणूस आधी बेलवर बोट दाबून धरतो, मग दार ठोठावतो. त्या दिवसांत एखाद्या रात्री चाळिसावा मेसेज वाचून तू फुटलीस आणि लांबलचक लिहिलंस, तर त्याला समजेल की चाळीस लागतात. म्हणून त्या काळात रात्री फोन रिंगवर ठेवून दुसऱ्या खोलीत ठेव. खरंच गरज असेल तर तो वाजेल.

यात लास्ट सीनचाही निकाल लागतो. रात्री एकला तो ऑनलाइन होता की नाही, यावर चिऊचं काय अवलंबून आहे? रागावू नकोस, पण तो कर्वे रोडची चौकशी करतो आणि तू लास्ट सीनची. एकाच दोरीची ही दोन टोकं आहेत, आणि तुझं टोक सोडायला त्याच्या परवानगीची गरज नाही. तो अकरा वाजता वाकडच्या फ्लॅटमध्ये एकटा बसलेला असेल, त्याला खरंच करमत नसेल, हे मला दिसतं. तुलाही दिसतं, म्हणूनच तू उत्तर देतेस. पण ते एकटेपण निस्तरायला त्याचे मित्र आहेत, आई आहे, समुपदेशक आहेत. दीड वर्षापूर्वी तू त्या कामातून मोकळी झालीस.

चिऊकडून रविवारी सगळं 'काढून घेते' असं लिहिलंस, त्यावर मात्र थोडं थांबणार आहे, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे.

माझा मुलगा सहा वर्षांचा असताना आम्ही वेगळे झालो. मोबाइल नव्हते, घरात एक लँडलाईन. पेशवे पार्कातले प्राणी कात्रजला हलायच्या आधीची ही गोष्ट आहे. रविवारी त्याचा बाबा त्याला तिथे न्यायचा, फुलराणीत, म्हणजे बागेतल्या छोट्या रेल्वेत, बसवायचा. संध्याकाळी हा धावत यायचा आणि फुलराणीने कुठे वळण घेतलं, शिट्टी किती वेळा झाली, सगळं एका दमात सांगायचा. मी ऐकायचे आणि शेवटी, अगदी सहज वाटावं अशा आवाजात विचारायचे, 'आणखी कोण होतं रे बरोबर?' दोन-तीन महिन्यांनी त्याने फुलराणीचं सांगणं बंद केलं. मला वाटलं, कंटाळला असेल. तिशी ओलांडल्यावर एकदा चहा पिताना तो म्हणाला, 'प्रत्येक गोष्टीनंतर तुझा एक प्रश्न यायचा. गोष्ट नाही सांगितली तर प्रश्न येणार नाही, एवढं मला कळलं होतं.' चहा कपातच राहिला माझा.

त्या काळात मी दप्तरात चिठ्ठ्याही घालायचे. 'फीचे पैसे या महिन्यात द्यावेत.' बिचारं पोर नुकतं वाचायला शिकलं होतं. ते त्याने वाचलं असणार, हे मला पंचवीस वर्षांनी सुचलं.

म्हणून 'पैसे झाडाला लागत नाहीत' असा निरोप घेऊन चिऊ आली की तिला एवढंच म्हण, 'हे मोठ्यांचं काम आहे, मी बाबाशी बोलते. तुला काही लक्षात ठेवायला नको.' आणि लगेच दुसरं काही. 'बाबाने असं म्हणायला नको होतं' हेही नको, कारण मग ती तुझा निरोप घेऊन परत जाईल. रविवारी 'काय मजा केलीस' एवढं विचार आणि गप्प बस. तिने दोन शब्दांत उडवलं तर उडवू दे.

सातच्या फोनला शक्य असेल तर जुना टॅब किंवा वेगळा फोन दे. तो तिच्याशी बोलेल, तुझ्याशी नाही. पाच वर्षांची पोरं फोनवर चार-पाच मिनिटंच टिकतात, मग बाहुली दाखवून पळतात. 'तू तिला बोलू देत नाहीस' असा मेसेज त्यावर येईल, आणि तो साडेआठला वाचायचा आहे. फोन चालू असताना तू स्वयंपाकघरात जा. ओट्यापाशी उभं राहून कान टवकारणंसुद्धा मुलांना कळतं.

तुमच्यात बोलणं होतं त्यातलं निम्मं खरंतर माहितीचं असतं: औषध कितीदा, झोपली किती, स्वेटर कुठे. त्यासाठी एक वही कर, जी चिऊच्या बॅगेतून दोन्ही घरी फिरेल. 'शुक्रवारी खोकला, सिरप रात्री अडीच मिली दिलं, डॉक्टरांनी मंगळवारी बोलावलंय.' बस. माझ्या चिठ्ठ्यांची गोष्ट आत्ताच सांगितली, म्हणून या वहीला एक अट: चिऊने उद्या मोठ्याने वाचून दाखवलं तरी तुला चालेल, असंच त्यात लिहायचं. सिनिअर केजीतली मुलगी आहे, बाराखडी आली की सुरूच होईल. लसीचं मात्र वहीत आणि ईमेलवर, दोन्हीकडे. पाच ते सहा वर्षांत डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) दुसरा बूस्टर असतो, आणि वेगळ्या घरांत राहणाऱ्या आईबापांच्या बाबतीत तो राहून जायचं कारण ठरलेलं असतं: दोघांनाही वाटतं, दुसऱ्याने दिला असेल.

खर्चाच्या ईमेलमध्ये पावतीचा फोटो, रक्कम, त्याचा वाटा, आणि कन्सेंट टर्म्समधल्या (घटस्फोटाच्या वेळी दोघांनी कोर्टात लिहून दिलेल्या अटींमधल्या) ज्या परिच्छेदात तो वाटा ठरलाय त्याचा क्रमांक. विशेषणं नकोत. त्याने 'अर्धीच देईन' असं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं तर 'ईमेल केलंय' एवढंच.

सोसायटीच्या गेटवरची अदलाबदल शक्य असेल तर बंद कर. शुक्रवारी त्याने तिला शाळेतूनच घ्यावं. शाळेत लेखी कळव, मुलीला न्यायला येणाऱ्याचं एस्कॉर्ट कार्ड त्याच्या नावाने करून घे. तुम्ही दोघं समोरासमोर येणार नाही आणि चिऊला एकाचा हात सोडून दुसऱ्याचा धरावा लागणार नाही, हा त्यातला खरा फायदा. रविवारी परत सोडताना अर्धा तास इकडे-तिकडे धर. चांदणी चौकात अडकलो हे कारण पुण्यात कुणालाच खोटं पाडता येत नाही, त्याच्यावर भांडू नकोस.

त्याच्या आईचं काय? त्या आता तुझ्या सासूबाई नाहीत, पण चिऊच्या आजी आहेत आणि राहतील. फोन आला तर उचल, 'चिऊला देते' म्हण आणि दे. 'तू त्याला उत्तर का देत नाहीस' असं विचारलं तर 'आजी, ते आमचं आम्ही बघतो. चिऊ आज नवीन गाणं शिकली, ऐकवते तुम्हाला.' त्यांना आजी म्हणायला लाग, आई म्हणणं सोड. पहिल्यांदा जीभ अडखळेल. गौरी-गणपती आणि दिवाळीचं मात्र जुलैतच लेखी ठरवून टाक, यंदा गौरीजेवण कुठे आणि भाऊबीज कुठे. ऐन चतुर्थीच्या आदल्या रात्री हा विषय निघाला की दोन्ही घरच्या आज्या फोनवर असतात, आणि मग मोदकांचं सारण करपतं.

आता त्या धमकीबद्दल, कारण तिच्यामुळे तू प्रत्येक मेसेजला घाबरून उत्तर देतेस असं मला वाटतं. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ६ मध्ये असं आहे की पाच वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे असावा. पाचवा वाढदिवस झाला की मूल बापाकडे जातं, असं त्यात कुठेही नाही. हे अर्धं कलम पुण्यातल्या प्रत्येक घटस्फोटात कुणीतरी काका सांगतातच. त्याच कायद्याचं कलम १३ म्हणतं की मुलाचं हित सर्वोपरी. नैसर्गिक पालक 'वडील आणि त्यांच्यानंतर आई' या शब्दांचा धाक कुणी घातला तर १९९९ चा गीता हरिहरन प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लक्षात ठेव: 'त्यांच्यानंतर' म्हणजे वडिलांच्या मृत्यूनंतरच, असा अर्थ न्यायालयाने मानला नाही. तुमचे जे आदेश झालेत ते त्याच्या मेसेजने बदलत नाहीत. ते कोर्ट बदलतं, अर्ज आल्यावर, मुलीचं हित बघून.

तोच रस्ता तुलाही उघडा आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २६ खाली ताबा, पालनपोषण आणि शिक्षण याबद्दलचे आदेश घटस्फोटानंतरही अर्ज करून बदलून घेता येतात. तुमच्या कन्सेंट टर्म्समध्ये नुसतं 'एकाआड एक वीकेंड' असेल आणि फोन किती वाजता, सण कुठे, निरोप कशावर हे नसेल, तर ते लिहून घेण्यासारखं आहे. शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक असतात, वकिलाला त्यांच्याबद्दल विचार. वकिलाची फी परवडत नसेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत विधी साहाय्य मिळतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे, हेल्पलाईन १५१००. फक्त एक करू नकोस. मेसेजच्या रागाने चिऊची भेट अडवू नकोस. मेसेज तुला येतात, बाबा तिचा आहे.

आणि कर्वे रोड. त्याने तुला योगायोगाने पाहिलं असेल तर विषय संपला. पण तो किंवा कुणी तुझ्यावर नजर ठेवतंय, बिल्डिंगखाली गाडी दिसते, कुठे होतीस याचे तपशील येतायत, असं पुन्हा झालं तर हा दोन पालकांमधला संवाद राहत नाही. पाठलाग आणि नजर ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. चॅट एक्सपोर्ट करून ठेव, तारखा वहीत लिही (चिऊच्या नव्हे, तुझ्या वेगळ्या वहीत), बहिणीला किंवा मैत्रिणीला सांगून ठेव, वकिलाला दाखव. भीती वाटली त्या क्षणी ११२, आणि बोलायला महिला हेल्पलाईन १८१. तिथे पोचपावतीची भाषा चालत नाही.

वाढदिवसाचं विचारलंस. यंदा वेगवेगळा करा. तुम्ही दोघं एका खोलीत तीन तास हसत उभं राहू शकाल असं मला तुझ्या पत्रावरून वाटत नाही, आणि फुगे फुगवताना आईबाबांच्या चेहऱ्याकडे बघत राहणारी सहा वर्षांची मुलगी मला डोळ्यांपुढे आणायची नाही. वाढदिवसाच्या दिवशी ती ज्याच्याकडे असेल त्याने तिच्या शाळेतल्या मैत्रिणी बोलवाव्यात, दुसऱ्याने पुढच्या वीकेंडला घरातल्यांचा करावा, आणि पुढच्या वर्षी उलट. त्याने तुझ्याआधी तीच भेटवस्तू आणली तर बदलून आण, बोलू नकोस. केकवर मेणबत्त्या दोन्हीकडे सहाच लावा. त्या वयात मुलं मोजतात.

तुझी,
ताई